भोक तेच, माती वेगळी

बेळगावच्या कॅम्पातून निघून काँग्रेस रोडनं टिळकवाडीत यावं आणि तिथून शहापूर-वडगावच्या बाजूला उतरावं, तर एवढ्याशा वाटेत पायाखालची जमीन पार बदलते. कॅम्पात तांबडी, मुरमाड माती. वडगाव शिवारात बासमती भाताची काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात चपलेला लोळ होऊन चिकटणारी. शेतकऱ्याला हा फरक ठाऊक असतो, पाया खोदणाऱ्या गवंड्यालाही असतो. नळाची पाईप मात्र दोन्हीकडे एकाच पद्धतीनं पुरली जाते आणि ती गळायला लागली की दोन्हीकडे एकच चौकशी होते: रस्त्यावर पाणी दिसतंय का?

हाच प्रश्न माझ्या मते मुळात अपुरा आहे. गळती पाईपमध्ये सुरू होत असली तरी तिचं पुढं काय होणार, ती दिसणार की लपणार, वाढणार की आटणार, हे ठरवते माती.

एक हिशेब मांडून पाहू. जमिनीखाली मीटरभर खोलीवर पाईप आहे, तिला सहा मिलिमीटर व्यासाचं गोल भोक पडलंय आणि आत दहा मीटरचा दाब आहे. म्हणजे नळ जोडला तर पाणी आपसूक तिसऱ्या मजल्यापर्यंत चढेल एवढा. इटलीच्या टोरिचेल्लीनं सतराव्या शतकात सांगितलेला नियम इथं कामाला येतो: भोकातून सुटणाऱ्या धारेचा वेग दाबाच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दहा मीटरला हा वेग सेकंदाला १४ मीटर भरतो. भोकातून बाहेर पडताना धार थोडी आकसते, म्हणून भोकाच्या क्षेत्रफळाचा सुमारे ६० टक्केच भाग धरायचा. गुणाकार केला की उत्तर येतं दिवसाला सुमारे २० हजार लिटर. शहरांसाठी माणशी १३५ लिटर हा सरकारी मापदंड आहे. त्या हिशेबानं दीडशे माणसांचं दिवसाचं पाणी त्या एका भोकातून जातं. आणि हे पाणी फुकटचं नसतं. राकसकोप जलाशयातून आलेलं पाणी हिंडलगा पंपिंग स्टेशनवरून लक्ष्मी टेकडीवर चढवावं लागतं, तिथं ते गाळून, क्लोरीन घालून शुद्ध होतं. हिडकल धरणाचं पाणी तर हुक्केरी तालुक्यातून टप्प्याटप्प्यानं उपसत आणावं लागतं. जमिनीत मुरणाऱ्या प्रत्येक लिटरमागे वीज आणि औषध आधीच खर्च झालेलं असतं.

आता हे वीस हजार लिटर, म्हणजे वीस घनमीटर पाणी, मातीत कुठं जातं ते पाहू. मातीतून पाणी किती वेगानं वाहतं याचा नियम ज्यानं शोधला तो माणूसच मुळी नगराच्या पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा आन्री दार्सी. त्यानं १८४० मध्ये जवळजवळ १३ किलोमीटर लांबीच्या जमिनीखालच्या पाटानं झऱ्याचं पाणी आपल्या गावात आणलं. पुढं वाळूच्या गाळणीचा आकार किती ठेवायचा हे ठरवण्यासाठी त्यानं उभ्या नळकांड्यात वाळू भरून प्रयोग केले आणि १८५६ मध्ये दिजाँच्या सार्वजनिक कारंज्यांवरच्या ग्रंथात ते छापले. निष्कर्ष साधा होता. वाळूतून जाणारं पाणी वरच्या-खालच्या दाबातल्या फरकाच्या प्रमाणात वाढतं, थराच्या जाडीच्या प्रमाणात घटतं, आणि बाकी सगळं त्या मातीच्या अंगच्या एका आकड्यावर अवलंबून असतं. त्या आकड्याला पारगम्यता म्हणतात.

हा आकडा मातीमातीत किती बदलावा? मृदाशास्त्राच्या नेहमीच्या तक्त्यात, पाणी पिऊन तृप्त झालेल्या वाळूतून ते स्वतःच्या वजनानं दिवसाला सुमारे सात मीटर खाली जातं. चिकणमातीतून दिवसाला पाच सेंटिमीटर, कधी त्याहूनही कमी. मुरूम या दोहोंच्या मध्ये कुठं तरी बसतो, त्यात भरड खडा किती आणि मातीचा भाग किती त्यावर. समजा, कॅम्पातल्या मुरमाला दिवसाला दोन मीटर धरले. मग आपले वीस घनमीटर पचवायला दहा चौरस मीटर जमीन पुरते, एका खोलीएवढी. पाणी तिथंच खाली निघून जातं, वर येण्याचं त्याला कारणच उरत नाही. ओल्या काळ्या जमिनीत, म्हणजे चिकणमातीत, तेवढ्याच पाण्याला ४०० चौरस मीटर लागतील. एवढी जागा भोकाच्या आसपास मिळत नाही, म्हणून पाणी वरचा रस्ता धरतं, डांबर फुगतं, खड्डा ओला दिसतो, कुणीतरी तक्रार करतं आणि खोदाई होते.

म्हणजे भोक एकच असताना वडगावातली गळती आठवड्याभरात सापडते आणि कॅम्पातली वर्षानुवर्षं चालू राहू शकते. एकूण नुकसानीत मोठा वाटा अशाच लपलेल्या बारीक गळत्यांचा असतो. मोठी पाईप फुटली की तासाभरात रस्त्यावर नदी होते आणि त्याच दिवशी दुरुस्ती होते. सहा मिलिमीटरचं भोक वर्षभर वाहिलं तर ७५ लाख लिटर जातात आणि रस्ता कोरडाच राहतो.

वरचा हिशेब माती पूर्ण भिजलेली आहे असं धरून केला. पाईपभोवतीची माती बहुतेक वेळ कोरडी किंवा अर्धओली असते आणि तिथं गणित अवघड होतं. कोरड्या मातीची बारीक छिद्रं पाणी सगळ्या बाजूंनी ओढून घेतात, गुरुत्वाकर्षण फक्त खाली ओढतं. शिवाय माती जसजशी भिजते तसतशी तिची पारगम्यताही बदलत जाते. या सगळ्याचं एकत्र समीकरण अमेरिकेच्या लोरेन्झो रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये मांडलं आणि आजही संगणकावर गळतीचं पाणी मातीत कसं पसरतं हे काढताना तेच सोडवलं जातं. जमिनीचे लहान लहान कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यात आता ओल किती आहे, शेजारच्या कप्प्यात किती, त्यावरून पुढच्या मिनिटाला कुठून कुठं पाणी सरकेल हे काढायचं, आणि असं हजारो वेळा करायचं. निपाणीकडच्या ज्या शेतकऱ्यानं उसाला ठिबक घातलंय त्यानं याचं उत्तर डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच्या भारी जमिनीत एका ड्रिपरखाली ओल आडवी पसरते, हलक्या रानात ती सरळ खाली जाते. पाईपच्या भोकाखाली नेमकं हेच घडतं, फरक इतकाच की पाणी तासाला चार लिटर नसून आठशे लिटर असतं.

हंगामानुसार तीच जमीन निराळी वागते हेही हिशेबात घ्यावं लागतं. मे महिन्यात काळ्या जमिनीला खोल भेगा असतात. त्या काळात तीदेखील गळतीचं पाणी गुपचूप गिळते. मृगाचा पाऊस झाला, माती फुगली, भेगा मिटल्या की तेच पाणी वर येऊ लागतं. लोकांना वाटतं पाईप आत्ता फुटली. ती कदाचित होळीपासून गळत असते. आणि ही फुगणारी-आकसणारी माती पाईपला नुसतं वेढून बसत नाही, ती पाईप वर-खाली ढकलते. जुन्या बिडाच्या पाईपचे शिसं ओतलेले जॉइंट, सिमेंटच्या ठिसूळ पाईपचे कॉलर याच ओढाताणीत सुटतात. काळी जमीन पाईप जास्त मोडते आणि लवकर चहाडी करते. तांबडी जमीन पाईपला सांभाळते, पण झालेली गळती झाकून ठेवते. निपाणीसारख्या गावात, जिथं जवाहर तलावाचं पाणी काळ्या जमिनीतल्या गल्ल्यांतून फिरतं, आणि कॅम्पात एकच दुरुस्तीचं धोरण चालणार नाही ते यामुळेच.

भोकाला लागून असलेली माती तर एका जागी बसूनच राहत नाही. सेकंदाला १४ मीटरची धार तिच्यात घुसते तेव्हा कण उचलले जातात आणि भोकासमोर एक लहानसा कप्पा तयार होतो, त्यात पाणी आणि वाळू उकळल्यासारखी गरगरत असते. कोबस व्हॅन झील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे काचेच्या बारीक मण्यांच्या थरात प्रत्यक्ष दाखवलं. पारदर्शक भिंतीआड धार सोडली, मणी वर उसळले, कडेनं खाली आले, पुन्हा धारेत सापडले. मोजणी केली तेव्हा दिसलं की धारेची बहुतेक सगळी शक्ती त्या लहानशा कप्प्यातच खर्ची पडते. त्यापलीकडच्या मातीत पाणी शांतपणे झिरपतं. याचा अर्थ असा की भोकाच्या तोंडाशी दार्सीचा नियम लावता येत नाही आणि लांबच्या मातीला टोरिचेल्लीचा. प्रारूप करणाऱ्याला दोन्ही जोडावे लागतात, आणि अवघड जागा हीच असते. गरगरणारी वाळू पाईपची बाहेरची बाजू खरवडते हेही खरं. शेजारून दुसरी पाईप जात असेल तर तिलाही धार लागते आणि कालांतराने भोक पडतं.

रस्ता खचण्याचं कारणही इथंच सापडतं. लोक म्हणतात, पाण्यानं माती वाहून गेली. पण वाहून गेली कुठं? भोवती सगळी घट्ट जमीन असेल तर माती फिरत राहील, जागा सोडणार नाही. पोकळी व्हायला तिला बाहेर पडायची वाट लागते. ती वाट बहुतेक वेळा ड्रेनेजची फुटकी पाईप किंवा जुनं दगडी गटार असतं. नळाची गळती आणि ड्रेनेजची फूट जवळजवळ असली की माती कणाकणानं गटारात जाते आणि एका दिवशी ट्रकचं चाक आत जातं. म्हणून खचलेल्या जागी नुसता मुरूम भरून डांबर टाकणं हे काम अर्धवट आहे. खालची दोन्ही भोकं शोधल्याशिवाय तो खड्डा पुन्हा पडणार.

कॅम्पाचं वय इथं आड येतं. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, मग लष्करी छावणी वसली, बंगले, बराकी, बाजार, गटारं झाली. जमिनीखाली वेगवेगळ्या पिढ्यांच्या चरा आहेत: नळाच्या, ड्रेनेजच्या, टेलिफोनच्या, आता केबलच्या. एकदा खोदून परत भरलेली चर आजूबाजूच्या न खोदलेल्या जमिनीपेक्षा कायम पोकळ राहते. गळतीचं पाणी खाली जाण्याऐवजी अशा चरीतून आडवं, उताराकडं चालू लागतं आणि भोकापासून कितीतरी लांब, जिथं चर उथळ झाली किंवा आडवी भिंत आली, तिथं वर येतं. ओल दिसली तिथं खोदायचं, पाईप कोरडी निघाली की दोन फूट पुढं खोदायचं, असं करत पूर्ण रस्ता उकरला जातो तो याच कारणानं. मे महिन्यात कडेचा एखादाच गवताचा पट्टा हिरवागार असणं, एकाच झाडाला अवेळी पालवी असणं, कोरड्या दिवसांत गटारात स्वच्छ पाणी वाहत असणं, या खुणा ओल्या डांबरापेक्षा जास्त खऱ्या असतात. त्या पाण्यात क्लोरीन निघाला तर ते नळाचं हे नक्की. नाही निघाला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण क्लोरीन मातीत फार टिकत नाही.

जुने फिटर रात्री शांतता झाली की लोखंडी सळई व्हॉल्व्हवर टेकवून दुसरं टोक कानाला लावतात. गळतीच्या धारेचा आवाज बिडाच्या पाईपमधून सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगानं धावतो आणि लांबवर ऐकू येतो. दोन व्हॉल्व्हवर दोन यंत्रं लावून तोच आवाज कुठं किती आधी पोचला हे मोजलं की भोकाची जागा काढता येते. प्लॅस्टिकच्या पाईपमध्ये मात्र आवाज निम्म्याहून कमी वेगानं जातो आणि लवकर विरतो. नवी पाईप घातली की जुन्या कानांचं कसब कमी पडतं, ही अडचण योजना आखतानाच लक्षात घ्यायला हवी.

भोकही कायम एकाच मापाचं राहत नाही. ब्रिटनच्या जॉन मे यांनी १९९४ साली हे ठामपणे मांडलं. बिडाच्या पाईपला गंजून पडलेलं गोल भोक दाब वाढला तरी तेवढंच राहतं. प्लॅस्टिकच्या पाईपला लांबीच्या दिशेनं पडलेली चीर दाबानं फाकते. दाब निम्मा केला तर पहिल्या प्रकारची गळती सुमारे ७० टक्क्यांवर येते, दुसऱ्या प्रकारची ३५ टक्क्यांवर. त्यामुळे कोणत्या गल्लीत कोणती पाईप आहे हे ठाऊक नसताना ‘दाब कमी करा’ म्हणणं म्हणजे अंदाजानं औषध देणं.

आणि आता आमच्या भागातला सगळ्यात कळीचा मुद्दा. इथं पाणी चोवीस तास नसतं. समजा, तीन दिवसांतून एकदा चार तास सोडतात. म्हणजे ७२ तासांपैकी चार तासच पाईपमध्ये दाब असतो, गळतीही तेवढाच वेळ चालते. हीच जुनी पाईप तशीच ठेवून व्हॉल्व्ह कायमचा उघडला तर दाब तोच धरला तरी गळती अठरा पट होईल. चोवीस तास पाणी हवं असेल तर आधी पाईप बदलाव्या लागतात हे यावरून कळतं. २००८ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्यात पाच प्रायोगिक भागांत, त्यातले दोन बेळगावात, सतत पाणी दिलं गेलं, तेव्हा तिथलं जाळंच नव्यानं घातलं होतं, मीटर बसवले होते. महाराष्ट्रात कराडजवळच्या मलकापूरनंही तोच मार्ग धरला.

सतत दाब असला की आणखी एक सोय होते. रात्री दोन ते चारच्या दरम्यान लोक झोपलेले असतात, नळ बंद असतात. त्या वेळी एका भागात जे पाणी शिरतं ते बहुतांशी गळतीचंच. एका मीटरवर लपलेली गळती उघडी पडते. आमच्याकडं पाणी आलं की प्रत्येक घरात टाकी, पिंप, हौद, कळशा भरायची घाई असते. रात्री पाणी सोडलं तर रात्रीही जाग असते. त्यामुळे ही सोपी पद्धत इथं चालत नाही. मग उपाय एवढाच: एका गल्लीतल्या सगळ्या घरांचे कॉक तासभर बंद करून घ्यायचे, व्हॉल्व्हमननं पाणी सोडायचं आणि तरीही किती पाणी आत जातंय ते मोजायचं. लोकांनी साथ दिली तर हे एका सकाळी होण्यासारखं आहे.

पाणी बंद झालं की जे घडतं ते मात्र वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा गंभीर आहे. पाईपमधला दाब जातो, उताराकडची घरं उरलेलं पाणी ओढून घेतात, कुणी थेट नळाला मोटर लावलेली असते. आत शोष तयार होतो. ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून आता भोवतीचं पाणी आत येतं. भोवती आपणच भिजवलेली माती असते आणि शेजारी ड्रेनेज. मुरमातून ते पाणी चटकन येतं, चिकणमातीतून सावकाश. मातीचा तोच आकडा इथं उलट्या बाजूनं कामाला येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी हुबळी-धारवाडमध्ये अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खंडित पुरवठ्याच्या नळांवरच्या जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत विष्ठेतून येणारे ई. कोलाय जंतू सापडले. सतत पुरवठ्याच्या भागात ते शंभर नमुन्यांत एकातही धड नव्हते. पाणी एकाच शहराचं, फरक पाईपमधल्या दाबाचा. नळ आल्यावर पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नये, थोडं जाऊ द्यावं, हा घरातल्या बायकांचा रिवाज किती बरोबर आहे हे यावरून कळतं.

संगणकावरची साधनं आता कुणालाही मिळतात. पाईपच्या जाळ्यातला दाब काढणारं एपानेट अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९९३ पासून मोफत दिलंय. मातीतली ओल काढणारी साधनंही आहेत. अडतं ते स्थानिक आकड्यांवर. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, रस्ता ओलांडला की महानगरपालिका, आणि दोन्हींच्या पाईप एकाच उताराच्या जमिनीत. दर वर्षी शेकडो खड्डे खोदले जातात आणि प्रत्येक खड्डा म्हणजे फुकटात मिळालेली मातीची तपासणी असते. खोदणाऱ्यानं पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: पाईप किती खोल, कशाची, भोक गोल की चीर, माती काळी की तांबडी, आणि ओल कोणत्या बाजूला पसरलेली. खड्डा बुजवण्याआधी तळाशी वीतभर पाणी ओतून ते किती मिनिटांत किती उतरलं तेही. तळ आधी भिजवून घ्यायचा, मग मोजायचं, नाहीतर कोरडी माती खोटं उत्तर देते. मुरमात पहिल्या तासातच पातळी दोन-चार बोटं उतरलेली दिसेल, ओल्या काळ्या जमिनीत दुपारपर्यंत खूण जागची हलणार नाही. एका उन्हाळ्यात अशा शे-दोनशे नोंदी जमल्या तर कॅम्पापासून वडगावपर्यंतचा पारगम्यतेचा नकाशा तयार होईल, आणि कोरड्या रस्त्याखाली आधी कुठं सळई लावायची हे त्यावरून ठरवता येईल.